अकराव्या पानावरचं गाढव

वत्सलाबाई तांबटांच्या शोकसभेत,
वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये,
सगळे बोलले ते बरोबरच बोलले:
बत्तीस पुस्तकं, चाळीस वर्षं,
बालमनाचं निरागस विश्व वगैरे.
मी मागच्या खुर्चीत बसून
उजव्या हाताचा अंगठा बघत होतो.

सांगतो.
भद्रकालीतला छापखाना, मी सोळाचा,
कामाला लागून दोन महिने.
काचेखाली ट्यूबलाइट, काचेवर निगेटिव्ह,
हातात दोन नंबरचा ब्रश.
टाचणीएवढा उजेड जिथे जिथे फुटतो
तिथे लाल रंग लावून तो बुजवायचा.
दिवसभर एवढंच. उजेड बुजवायचा.

बाई शाळा सुटली की यायच्या,
म्युनिसिपालिटीच्या शाळेत चित्रकला शिकवायच्या त्या,
सायकलच्या कॅरिअरला द्राक्षाची चपटी पेटी,
पेटीत चित्रं.
पेटीवरचं लेबलही त्यांचंच,
ओझरच्या कुणा बागायतदारासाठी काढलेलं,
पंधरा रुपयांत घड, पानं आणि एक पोपट.
वडील घागरी ठोकायचे.
रेघ मी तिथंच शिकले, म्हणायच्या,
एक ठोका आधीच्या ठोक्याला अर्धा झाकून बसला
तरच पत्रा वळतो.

पहिलं पुस्तक दोन रंगांत, काळा आणि पिवळा.
तिसरा परवडत नव्हता,
म्हणून त्यात गोदावरीसुद्धा पिवळी.
गोष्ट कुंभाराच्या गाढवाची,
बुधवारच्या बाजारात मालक हरवलेल्या.
रात्री लाइट गेली, तासाने आली,
मी पेंगत होतो, ब्रश भरलेला होता.
सकाळी हजार प्रती छापून झाल्यावर पाहतो तर
अकराव्या पानावर गाढव नाही.
कांद्याच्या ढिगामागे
गाढवाएवढा कोरा कागद.

बाई आल्या. पान पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं.
"काढायचंच राहिलं की हो माझं," म्हणाल्या.
मालक हसले.
मी चहाचे कप विसळायला गेलो,
विसळलेलेच पुन्हा विसळले.

पुढे सिन्नरहून एक पोस्टकार्ड आलं,
पेन्सिलीनं, ओळी उतरत गेलेल्या:
पान अकरावर गाढव कुठे गेलं?
आईलापण माहीत नाही.
बाईंनी उलट टपाली कळवलं:
पाणी प्यायला गेलंय. आलं की लिहिते.

ते दुसरं पुस्तक.
मग प्रत्येक पुस्तकाच्या अकराव्या पानावर कुठेतरी ते:
सीबीएसच्या एसटीच्या खिडकीतून शेपटी,
लग्नाच्या पंगतीत पाटाखाली एक खूर,
एकदा तर नुसती सावली, आणि पोरांनी तीही शोधली.
शाळाशाळांतून आरोळी उठायची, सापडलं!
मानधन मात्र यायचं प्रतींच्या रूपात.
साठ प्रती जुन्या बंबात ठेवलेल्या,
लग्नामुंजीत आहेर म्हणून संपवल्या.
शेवटच्या तीन पुस्तकांत रेघ जाड झाली.
कोणी लिहिलं, नवी शैली.
मोतीबिंदू होता.

मी पुढे फोरमन झालो, निवृत्त झालो,
त्यांच्या सतरा पुस्तकांच्या प्लेटा माझ्या हातून गेल्या.
सांगायचं म्हणून तीनदा घरी गेलो,
तिन्ही वेळा पोहे खाऊन आलो.

सभा संपली. बाहेर पॅसेजमध्ये
भाचीनं मूळ चित्रं दोरीला चिमटे लावून टांगलेली.
पान अकरा.
गाढव जागेवर. कांद्यामागे. चारी पाय, दोन्ही कान.
आणि खाली उजव्या कोपऱ्यात,
फिकट, पण रेषान् रेषा दिसेल असा,
लाल अंगठा.

खोडरबर, ब्लेड, पांढरा रंग,
बाईंच्या पिशवीत सगळं कायम असायचं.

शेजारी एक मुलगा उभा, सहासात वर्षांचा,
त्याने नेमकं तिथेच बोट ठेवलं.
"आजोबा, हे काय आहे?"
"गाढव," मी म्हणालो.
त्याने नाक कागदाला लावलं, नीट बघितलं.
"मग याचे कान कुठायत?"

मी चष्मा पुसला
आणि त्याच्याबरोबर वाकून शोधायला लागलो.